गोळीचा तळ

नळी काँक्रीटच्या ओट्यावर बसवली. माणूस बाजूला केला, म्हणजे त्याचा श्वास, खांदा, डोळा, बोट यांचा प्रश्नच उरला नाही. दारू तोलून भरली. वाऱ्याला आडोसा केला. तरीही शंभर यार्डांवरच्या कागदावर गोळ्या एका भोकातून जाईनात. प्रत्येक गोळी आपली वेगळी जागा शोधी. एकोणिसावे शतक संपून विसावे लागत होते, तेव्हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका डॉक्टरला या विखुरलेल्या भोकांनी पछाडले होते. त्याचे नाव फ्रँकलिन वेस्टन मॅन.

शिकारीची मला ओढ नाही. पण लांब पल्ल्याच्या नेमाविषयी जे हाती लागेल ते मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि कुठूनही सुरुवात केली तरी वाट या माणसापाशी येऊन थांबते. शिकारीच्या रायफलीला कोणती गोळी मानवेल, पुंगळीत दारू किती भरायची, गोळी किती खोल बसवायची, यांवर आज पुस्तकांमागून पुस्तके निघतात. त्यांतल्या बऱ्याच सल्ल्यांच्या बुडाशी मॅनचे प्रयोग आहेत. त्याचे नाव मात्र नेमबाजांच्या वर्तुळाबाहेर कोणाला ठाऊक नाही. हा अन्याय आहे असे मला वाटते.

मॅनचा जन्म १८५६ चा. १८७८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी, मग बॉस्टनला वैद्यकाचे शिक्षण, मग डॉक्टरकी. ती फार काळ टिकली नाही, कारण त्याने एक यंत्र काढले: कोंबड्यांच्या खाद्यासाठी ताजी हाडे कातरणारे. कुक्कुटपालकांनी ते उचलून धरले. मिलफर्ड गावात कारखाना उभा राहिला, पैसा आला, आणि डॉक्टरने दवाखाना सोडला. कोंबड्यांच्या खाद्यातून आलेल्या या पैशावर नेमबाजीच्या इतिहासातले सर्वांत चिवट संशोधन उभे राहिले. ना विद्यापीठ पाठीशी, ना सैन्य.

त्या काळात आपली काडतुसे आपण भरणे ही अमेरिकेत नवलाची गोष्ट नव्हती. जॉन बार्लोच्या आयडियल कंपनीची भरणीची अवजारे १८८४ पासून घरोघर पोचली होती. शिसे वितळवायचे, त्यात थोडे कथील घालायचे, साच्यात गोळ्या ओतायच्या, झाडलेल्या पुंगळीत नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर गोळी. ठासणीच्या बंदुकीचा जमाना सरला होता, पण आपला बार आपण तयार करायचा हा बाणा शिल्लक होता. ज्याचे गट लहान पडत, म्हणजे ज्याच्या गोळ्या जवळजवळ लागत, तो आपली कृती कधी मिरवी, कधी लपवून ठेवी. अमक्या कथिलाचे प्रमाण, तमकी दारू, एवढी चरबी. बहुतेकांजवळ फक्त श्रद्धा होती.

मॅनने श्रद्धा बाजूला ठेवली. आपल्या काँक्रीटच्या ओट्याला त्याने जिब्राल्टरच्या खडकाचे नाव दिले. ओट्यावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच होती, आणि बाहेरून अगदी गोल कातलेली नळी त्या खाचेत दर बाराला पुन्हा तिथेच येऊन बसे. मग नळीपासून निशाण्यापर्यंत ठरावीक अंतरांवर त्याने पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी प्रत्येक पडद्यात भोक ठेवून पुढे जाई. भोक गोल असेल तर गोळी सरळ उडते आहे, लांबट असेल तर ती कलली आहे. पडद्यांवरची भोके जुळवली की गोळीचा सगळा प्रवास हाती येई. त्यातून दिसले की गोळी सरळ रेषेत जातच नाही. ती मार्गाभोवती बारीक वळसे घेत, मळसूत्राच्या वाटेने जाते. उडालेल्या गोळ्या शाबूत परत मिळाव्यात म्हणून तो त्या तेल लावलेल्या भुशात अडवी आणि एकेक भिंगाखाली घेई.

त्याचे खरे धाडस यापुढचे आहे. बाकी सगळे उत्तम गोळी बनवण्यामागे होते. मॅन मुद्दाम वाईट गोळ्या बनवायला बसला. काही गोळ्यांची टोके त्याने ठेचली, काहींची कापली, काहींच्या अंगात एका बाजूने भोक पाडले, काहींचा तळ तिरका केला. प्रत्येक दोषाची दिशा लिहून ठेवायची, गोळी झाडायची आणि कुठे लागते ते पाहायचे. टोक बिघडलेली गोळी, जिच्याकडे पाहून कोणताही शिकारी नाक मुरडेल, बऱ्यापैकी जागेवर लागे. तळ जरासा तिरका झालेली, वरून निर्दोष दिसणारी गोळी भलतीकडे जाई.

कारण समजून घेण्यासारखे आहे. गोळीचा तळ नळीच्या तोंडातून बाहेर पडतो त्या क्षणी मागच्या वायूचा दाब अजून प्रचंड असतो. तळ नळीला काटकोनात असेल तर वायू चहूबाजूंनी एकदम सुटतो. तिरका असेल तर एका बाजूने आधी सुटतो आणि जाता जाता गोळीला ढुसणी देतो.

तळ नीट झाला तरी फैलाव पूर्ण जाईना. उरलेल्या चुकीला मॅनने बीजगणितातले अक्षर दिले, ‘एक्स-एरर’, आणि वर्षानुवर्षे तिचा पाठलाग केला. अखेर त्याचे बोट गोळीच्या तोलावर आले. नळीच्या आत गोळीला नळीच्या अक्षाभोवतीच फिरावे लागते, कारण नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या खाचांनी तिला जखडलेले असते. तिच्या वजनाचा मध्य त्या अक्षावर नसेल, तर तो मध्य नळीभर बारीक वर्तुळात फिरत येतो. नळी सुटली की गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा तो स्पर्शरेषेने बाजूला निघतो.

हा हिशेब कागदावर कोणालाही करता येतो, आणि तो करून पाहिल्यावर मी थक्क झालो. नळीतल्या खाचा दर दहा इंचांत एक फेरा घेतात असे धरा. वजनाचा मध्य इंचाच्या दहाहजाराव्या भागाने सरकलेला आहे असे धरा; माणसाच्या केसाची जाडी याच्या वीस-तीस पट असते. एवढ्याशा दोषाने शंभर यार्डांवर गोळी जवळजवळ पाव इंच बाजूला जाते. दोष दसपट झाला, तर सव्वादोन इंच. आणि या हिशेबात वेग कुठेच येत नाही! वेग वाढवला की गोळीची फिरकीही त्याच प्रमाणात वाढते, आणि दोघांचा भागाकार तोच राहतो. जास्त दारू भरून वाकडी गोळी सरळ होत नाही. उपाय दोनच: गोळी तोलाची हवी, किंवा खाचांचा पीळ गोळीला स्थिर ठेवण्यापुरताच, त्याहून घट्ट नको.

हे सगळे १९०९ मध्ये पुस्तकरूपाने आले, ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’. प्रकाशक मन अँड कंपनी, म्हणजे ‘सायंटिफिक अमेरिकन’वाले. फसलेले प्रयोगही त्यात आहेत आणि वाचकाला ते मॅनसोबत पुन्हा फसून पाहावे लागतात. काहींना हे कंटाळवाणे वाटते. मला त्यातच पुस्तकाची थोरवी दिसते, कारण यशाच्या कृती हव्या तेवढ्या मिळतात.

या पुस्तकाची एक प्रत हॅरी पोपच्या हातात पडली. हॅरी मेलव्हिल पोप, जन्म १८६१, एमआयटीचा पदवीधर, आणि त्या काळातला सर्वांत नावाजलेला नळी-कारागीर. मॅनच्या प्रयोगांत पोपच्या नळ्या होत्या. पोप सॅन फ्रान्सिस्कोला गेला, दुकान मांडले, आणि एप्रिल १९०६ च्या भूकंपात ते गेले. पुढे न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत त्याने पुन्हा बस्तान बसवले आणि म्हातारपणापर्यंत तिथेच काम केले. दारू पुंगळीतून मागून भरायची, गोळी मात्र नळीच्या तोंडातून आत सरकवायची, ही त्याची पद्धत. मागून भरलेल्या शिशाच्या गोळीवर खाचा उमटताना कापलेले शिसे तळाशी ओढले जाते आणि तिथे कंगोरे राहतात. पुढून भरली की तळाची धार स्वच्छ राहते. मॅन पडद्यांवरची भोके मोजून जिथे पोचला, तिथे पोप हाताच्या अनुभवाने आधीच पोचला होता.

पोपने आपल्या प्रतीच्या समासात स्वतःच्या हाताने टिपा लिहिल्या, आणि पुढे त्या टिपांसह पुस्तकाचे पुनर्मुद्रण निघाले. प्रयोग करणारा आणि नळी घडवणारा एकाच पानावर समोरासमोर: छापील मजकूर एकाचा, समास दुसऱ्याचा. असे पुस्तक दुसऱ्या कोणत्याही कारागिरीत मला आढळलेले नाही.

मॅन १९१६ मध्ये गेला. त्यानंतरची पंचवीसेक वर्षे मी ओलांडतो. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेड हंटिंग्टनने पॉइंट टू-टूच्या झाडून फेकलेल्या पितळी पुंगळ्यांतून गोळ्यांची कवचे दाबून काढायचे साचे बनवले. पुंगळीचे बंद बूड गोळीचा तळ होई आणि उघडे तोंड तिचे टोक. म्हणजे टंचाईतही तळ अखंड राहिला. आजच्या स्पर्धेच्या गोळीची घडण हीच आहे: कवच तळाकडून बंद, आणि टोकाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. ते छिद्र पाहून नवख्याला वाटते की ही शिकारीत फुलणारी गोळी असावी. तसे नाही. तळ बिनचूक हवा म्हणून जोड टोकाला नेलेला आहे.

शिकाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखल वाळून कडक झालेल्या एका मूस हरणाच्या खांद्यावर फुटून गेल्या. आत पोचल्याच नाहीत. त्यातून त्याने कवचाच्या मध्ये आडभिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी काढली. पुढचे शिसे फुलते, मागचे भिंतीआड शाबूत राहून खोल जाते. तिने जनावर लवकर आणि कमी यातनांत पडते, म्हणून शिकारी तिच्यावर जीव टाकतात. पण दोन्हीकडून भरायची असल्याने तिचे कवच तळाशी उघडे असते आणि कडा आत दुमडून बंद करतात. कागदावर लहान गट पाडण्यात ती स्पर्धेच्या गोळीमागे राहते, यात मला नवल वाटत नाही. तरी तीनशे यार्डांच्या आत हरणावर बार टाकणाऱ्याने स्पर्धेची गोळी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदावरचा अर्धा इंच वाचवून जखमी जनावर रानात सोडणे हा हिशेब चुकीचा आहे.

मग भरणीने सुधारते काय? पुष्कळ. गोळी खाचांच्या तोंडापासून किती दूर बसवायची हे आपल्या हाती येते. ती नळीत वाकडी शिरली तर चांगल्या गोळीचाही तोल तिथेच बिघडतो. पुंगळी त्याच रायफलीत एकदा झाडलेली असली की त्या रायफलीच्या कोठीचा आकार घेऊन येते. दारूच्या वजनातला बारीक फरक मात्र शंभर यार्डांवर सहसा दिसतही नाही. तो पाचशे-सहाशेवर वर-खाली दिसू लागतो. म्हणून आधी चार-पाच जातींच्या गोळ्या लावून पाहाव्यात आणि दारूची कणाकणाने उलटापालट मग करावी. पुष्कळ लोक नेमके उलटे करतात.

दुसरा घोटाळा मोजणीचा. तीन गोळ्यांचा इंचभर गट पडला की माणूस तो कागद पाकिटात जपतो. पण फैलाव तोच असताना दहा गोळ्यांचा गट सरासरीने तीन गोळ्यांच्या गटाच्या दीडपटीहून थोडा मोठाच पडतो. हे संभाव्यतेचे गणित आहे, रायफलीचा दोष नव्हे. दोन भरण्यांतला पाव इंचाचा फरक तीन-तीन गोळ्यांवरून सांगता येत नाही. आणि ज्या तऱ्हेवार कृती ‘सिद्ध’ म्हणून सांगितल्या जातात, त्यांतल्या कितीतरी अशा तीन गोळ्यांवर उभ्या आहेत.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय मिटवला, आणि ते योग्यच झाले. पण मॅनचा प्रश्न कोल्हापूरच्या नेमबाजांपुढेही उभा असतोच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले. दोन्ही पदके ५० मीटरवरच्या पॉइंट टू-टू रायफलीची. या काडतुसाला वेगळी टोपी नसते, स्फोटक कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. एकच वाट उरते, निवडीची. एकाच कारखान्यातून, एकाच नावाखाली निघालेल्या दोन लॉटांची काडतुसे एका नळीला सारखी मानवत नाहीत. म्हणून काडतुसे बनवणाऱ्या कंपन्या आपल्या चाचणी-केंद्रात नेमबाजाची नळी शिकंजात आवळतात, माणूस बाजूला करतात, आणि लॉटामागून लॉट झाडून गट मोजतात. जो लॉट मानवतो त्याच्याच पेट्या खेळाडू पुढच्या स्पर्धांसाठी घेऊन ठेवतो, कारण तो संपला की तसाच दुसरा मिळेल याची खात्री कारखानाही देत नाही.