दहावा रकाना

२०११ च्या जनगणनेत माझ्या वाट्याला आलेला गट जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याला टेकलेला होता. ९ ते २८ फेब्रुवारी एवढीच मुदत. बगलेत अनुसूच्यांचा गठ्ठा, हातात नजरी नकाशा, आणि घरोघर तेच २९ प्रश्न. नाव, नातं, लिंग झटपट उरकतं. वयापाशी गाडी अडते. "बहात्तरच्या दुष्काळात रांगत होतो" यावरून प्रगणकानं काय ते वर्ष काढायचं.

पण मी खरा अडलो तो दहाव्या प्रश्नाशी: मातृभाषा.

घर निहाल जमातीचं होतं. प्रश्न पुरता वाचायच्या आत घरधनी म्हणाला, "मराठी लिहा ना गुरुजी." तेवढ्यात आतून म्हातारी नातवावर खेकसली आणि त्यातलं मला अवाक्षर कळलं नाही. शेजारच्या कोरकूंची भाषा कानावरून गेलेली होती. ही कोरकू नव्हती.

सांगतील तेच लिहायचं, ही आम्हाला ताकीद. पण मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती, हेही सूचनेतच होतं. म्हणून प्रश्न फिरवून विचारला. तो हसला. "थे तं निहाली. थे बी लिहा लागते काय?"

त्याचं चुकत नव्हतं. शाळा, बाजार, तहसील सगळीकडे मराठी-हिंदीच चालते. बाहेरच्याला घरची भाषा सांगून करायचं काय? अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल हे नाव कोरकूंच्याच नोंदीत येतं. भाषेचंही तसंच झालेलं. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०६ साली, ती मुंडा कुळात घातली गेली. १९६२ साली डच अभ्यासक कायपर यांनी तिचे शब्द चाळले, तर सुमारे पाव हिस्सा कुठल्याच शेजारणीशी जुळेना. बोलणारे दोन-अडीच हजार, बहुतेक याच तालुक्यातले. जनगणना मात्र १९७१ पासून दहा हजारांखालच्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाही. म्हणजे मी लिहिलेलं छापून येणार नाही, हे ठरलेलंच.

म्हातारी एव्हाना दारात आली होती. पाण्याला काय म्हणता, विचारलं. जोप्पो. मग तिला मोजायला लावलं. दोनला इरार, तीनला मोथो, चारला नालो. हे तिन्ही थेट द्राविडी वळणाचे, आणि पाचापासून पुढे आपल्यासारखेच! माणसं मोजायला गेलेला मी तिच्या आकड्यांतच गुंतलो, आणि शेजारची दोन घरं दुसऱ्या दिवसावर गेली.

दहाव्या रकान्यात ठळक अक्षरात 'निहाली' लिहिलं. अकरावा रकाना येत असलेल्या इतर भाषांचा. घरधन्यानं बोटांवर मोजलं: कोरकू, मराठी, हिंदी. त्या रकान्यात जागा दोनच भाषांना. हिंदी बाहेर राहिली.