नोझल तुंबले तर फुंकू नका

ढाणकी परिसरात कपाशीवर फवारणी सुरू झाली की पाठीवरचा पंप बहुधा घरीच दुरुस्त होतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे ही दुरुस्ती जपूनच करावी.

पंप आधी साध्या पाण्यावर चालवून पाहावा. झाकण, नळी गळत असेल तर वॉशर बदलावा. गळणारे औषध पाठ भिजवते आणि कातडीतून अंगात भिनते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, तारेनेही टोचू नये. छिद्र मोठे होते. दाब सोडून, हातमोजे घालून ते जुन्या ब्रशने पाण्यात घासावे.

मळमळ, घाम, अंधुक दिसणे जाणवल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा.