गाडी आली, पण पोर्ट कुठंय?

मेसच्या पाटीवर ‘रविवार स्पेशल : गुलाबजाम’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही रूममेटला झोपेतून उठवून, ओढत तिथे नेता आणि काका शांतपणे सांगतात, ‘संपले रे, दही घे.’ महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात. मग काय, दही खायचं आणि परत यायचं.

आता हेच एखाद्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक कारच्या बाबतीत झालं तर? २०२१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘टेस्ला’ची मॉडेल थ्री आणि मॉडेल वाय घेणाऱ्या काही जणांचं अगदी असंच झालं. कित्येक महिने वाट पाहून गाडी दारात आली. आत बसून फोन चार्जिंगला लावायला गेले, तर यूएसबी पोर्टची जागा रिकामी! काही गाड्यांमध्ये वायरलेस चार्जिंगचं पॅडही चालेना. ‘पार्ट आले की बसवून देऊ,’ असं उत्तर मिळालं. जगातल्या सगळ्यात ‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या गाडीत फोन चार्ज होत नव्हता.

चिप गेल्या कुठे?

ही गोष्ट सुरू होते कोविडपासून. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या कोण घेणार, म्हणून कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. पण त्याच वेळी तुम्ही-आम्ही सगळे घरी बसून ऑनलाइन लेक्चर्स करत होतो. लॅपटॉप, टॅब, फोन यांची मागणी प्रचंड वाढली आणि चिपच्या कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. काही महिन्यांतच गाड्यांची मागणी परत आली, तेव्हा कार कंपन्या रांगेत शेवटी उभ्या होत्या.

त्यात संकटांची मालिकाच लागली. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेत टेक्सासला हिमवादळ आलं, वीज गेली आणि ऑस्टिन शहरातले चिपचे कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये ‘रेनेसास’ कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. गाड्यांसाठी लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. चिपचा नवा कारखाना उभारायला काही वर्षं लागतात. त्यामुळे ‘चला, दुसरीकडून मागवू’ असं म्हणायची सोयच नव्हती.

अशा वेळी कंपनीपुढे दोनच रस्ते असतात. एक तर गाडी कारखान्यात अडवून ठेवायची, नाही तर जे नाही ते वगळून गाडी विकायची. एअरबॅग आणि सीटबेल्ट सांभाळणारं मॉड्यूल नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. २०२१मध्ये याच मॉड्यूलच्या टंचाईने आपल्याला दमवलं, असं इलॉन मस्क यांनी स्वतः सांगितलं होतं. सीट गरम करायची सोय मात्र नसली तरी गाडी चालते. म्हणून कात्री आधी तिथे लागली.

सांगून काढलं आणि न सांगता काढलं

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. पुढे-मागे तुम्ही पहिली गाडी घ्याल तेव्हा तो उपयोगी पडेल.

‘जनरल मोटर्स’ने त्या काळात अमेरिकेत काही मॉडेल्समधून गरम होणाऱ्या सीट काढल्या आणि तेवढी रक्कम ग्राहकाला वळती करून दिली. ‘बीएमडब्ल्यू’ने काही गाड्यांमधला टचस्क्रीन काढून साधा स्क्रीन दिला आणि अमेरिकेतल्या ग्राहकांना ५०० डॉलर कमी लावले. आपल्याकडे २०२२मध्ये ‘रॉयल एनफिल्ड’ने मिटिऑर आणि हिमालयनवरचं ट्रिपर नेव्हिगेशन ऐच्छिक केलं आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी किंमत ५ हजार रुपयांनी कमी केली. गोष्ट गेली, पण हिशेब झाला. राग येईल, फसवल्यासारखं वाटणार नाही.

आता दुसरा प्रकार. फेब्रुवारी २०२२मध्ये ‘सीएनबीसी’ या वृत्तवाहिनीने बातमी दिली, की चीनमध्ये बनलेल्या हजारो टेस्ला गाड्यांच्या स्टिअरिंगमधल्या दोन कंट्रोल युनिटपैकी एक काढून टाकण्यात आलं होतं आणि ग्राहकांना ते सांगितलं गेलं नव्हतं. दुसरं युनिट बॅकअप म्हणून होतं, त्यावाचून सुरक्षेला धोका नाही, असं कंपनीत ठरलं म्हणे. असेलही तसं. पण यूएसबी पोर्ट नसेल तर ते दिसतं तरी. स्टिअरिंगच्या आतलं युनिट तुम्ही कधी उघडून बघणार? जे ग्राहकाला दिसत नाही, तेच खरं तर सांगायला हवं.

‘कुणी वापरतंच नाही’

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटतो. मे २०२१मध्ये टेस्लाच्या मालकांच्या लक्षात आलं, की ड्रायव्हरशेजारच्या सीटमधला लम्बर सपोर्ट, म्हणजे कमरेला आधार देणारी सोय, गायब आहे. मस्क यांनी ट्विटरवर दिलेल्या उत्तराचा सारांश असा : गाडीच्या नोंदींवरून दिसतं, की ती सोय जवळजवळ कुणी वापरत नाही, मग सगळ्यांनी तिचे पैसे का मोजायचे?

युक्तिवाद बिनतोड वाटतो ना? पण थांबा. बटण किती वेळा दाबलं, हे गाडीला कळतं. एकदा आपल्याला हवं तसं लावून घेतलेलं बटण कोण रोज दाबतं? आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या आईची कंबर दुखते की नाही, हे त्या नोंदीत कुठे दिसतं? ज्या गोष्टीची गरज थोड्यांना पण खूप असते, ती सरासरीत नेहमी हरते. कॉलेजच्या लिफ्टचंच बघा. बहुतेक जण जिन्याने जातात, म्हणून लिफ्ट बंद केली तर कुबड्या घेऊन येणाऱ्या एकाच मुलाचं वर्ष अडतं.

टंचाईमुळे काढलं, पैसे वाचवायला काढलं की खरंच नको म्हणून काढलं, यातली सीमारेषा त्या काळात पुसट झाली. ऑक्टोबर २०२२मध्ये टेस्लाने अल्ट्रासॉनिक सेन्सर काढायला सुरुवात केली. कॅमेरेच सगळं बघतील, असं कंपनीचं म्हणणं. पार्किंगला मदत करणाऱ्या सोयी त्या नव्या गाड्यांमध्ये ‘तात्पुरत्या’ बंद राहिल्या. पार्क असिस्ट अपडेटमधून परत आलं २०२३मध्ये. गाडी आपोआप पार्क करणारं ऑटोपार्क यायला २०२४ उजाडलं. ‘नंतर अपडेट येईल’ हे वाक्य ऐकलं, की हे वर्षांचं गणित आठवा.

बाजू दुसरीही आहे. याच टंचाईत टेस्लाच्या इंजिनीअरांनी, मिळतील त्या चिप वापरता याव्यात म्हणून, कंट्रोलरची १९ नवी रूपं तयार करायचं काम हाती घेतलं आणि सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरला असाल, तर हे नक्की वाचा. काढून टाकणं हा सोपा उपाय, दुसऱ्या वाटेने तेच देणं ही खरी इंजिनीअरिंग.

आपल्या अंगणात

‘हे सगळं अमेरिकेत’ म्हणून सोडून देऊ नका. जुलै २०२५मध्ये टेस्लाचं देशातलं पहिलं शोरूम मुंबईत बीकेसीला उघडलं. आणि त्याच वर्षी टंचाईने नवा अवतार घेतला. ४ एप्रिलला चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. बहुतेक ई-स्कूटरच्या मोटरमध्ये हीच चुंबकं असतात. ऑगस्टमध्ये आमचं ई-वाहनांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असा इशारा ‘बजाज ऑटो’च्या राजीव बजाज यांनी जुलैत दिला आणि ऑगस्टमध्ये चेतकच्या उत्पादनाला फटका बसलाही. चुंबक काही लम्बर सपोर्टसारखं वगळता येत नाही; ते नसेल तर ती मोटरच नाही.

म्हणून उद्या तुम्ही पहिल्या पगारातून ई-स्कूटर घ्या किंवा बाबांबरोबर कार बघायला जा, एवढं करा. बुकिंगच्या दिवशी त्या व्हेरिएंटचं माहितीपत्रक फोनमध्ये सेव्ह करा. नोंदणी होण्याआधी गाडी समोर ठेवून एकेक फीचर त्यावरून ताडून बघा. काही नसेल, तर ‘नंतर बसवून देऊ’ हे तारखेसह लेखी घ्या. तोंडी शब्दाला शोरूमचा दरवाजा ओलांडला की किंमत नसते. ऐकलंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात ही तक्रारीची बाब आहे, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही, म्हणजे तुमची स्कूटर त्यात आरामात बसते.

गाडी घ्यायच्या दिवशी सगळे घाईत असतात. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, फोटो. त्या सगळ्याआधी फक्त दहा मिनिटं मागा. एकदा आईला शेजारच्या सीटवर बसवा आणि विचारा, ‘कंबर टेकते का नीट?’ हे नोंदींमध्ये दिसत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागणार.