मुंग्या गेल्या, चौकोन आले
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा गोवंडीतली अँटेना वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याच्या दिशेने, पश्चिमेकडे वळवावी लागे. सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या. पण माणूस ओळखू येई. आताचे डिजिटल चित्र मात्र आधी चौकोनांत फुटते, मग गोठते, मग गायब! डीडी फ्री डिशची छत्री इथे आग्नेयेला, साधारण ५७ अंश वरच्या आकाशाकडे रोखलेली हवी. (ती दिसायला बरीच उभी वाटते, ते ठीकच.) त्या बाजूला खेटून नवी इमारत उठली असेल, तर सेट-टॉप बॉक्स बदलून उपयोग नाही, छत्रीच हलवा. इमारत आड नसेल, तर बॉक्स बंद करून छत्रीपुढच्या, सिग्नल टिपणाऱ्या एलएनबीजवळचा केबलचा जोड उघडा. तांब्याची तार हिरवट दिसली, तर पाणी शिरलेय. धो-धो पावसात गेलेले चित्र मात्र सर ओसरली की परत येते.