अ‍ॅस्बेस्टॉसचे कर्करोग : दोन रोग, दोन वाटा



जुन्या साखर कारखान्यांत वाफेच्या नळांवर पांढरा लेप असे. तो बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा. हा दगड, पण सुतासारखा पिंजला जातो. गोठ्यावरच्या सिमेंटच्या पत्र्यातही तोच असतो. त्याचा बारीक तंतू श्वासाबरोबर आत जातो आणि तिथेच राहतो. मुंबईच्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतील १८१ कामगारांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यात पाचांत एकाहून जास्त जणांची फुप्फुसे निबर झालेली आढळली. त्याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. तो कर्करोग नव्हे. कर्करोग निराळे, आणि तेही एकाच जातीचे नाहीत.

पहिला खुद्द फुप्फुसाचा. यात धूळ किती वर्षे आणि किती खाल्ली याला महत्त्व आहे, आणि तंबाखूच्या धुराला तर फारच. अमेरिकेतील लॅगिंग कामगारांचा १९७९ सालचा हिशेब बघा. धूळही नाही आणि सिगारेटही नाही अशाचा धोका एक धरला, तर नुसत्या धुळीने तो पाचपट, नुसत्या सिगारेटने अकरापट आणि दोन्हींनी पन्नासपटीच्या वर. म्हणजे बेरीज नाही, गुणाकारच. "धूळ तर खाल्ली, आता बिडी सोडून काय होणार?" असे काही मंडळी म्हणतात. होते की! बिडी सुटली की हा धोका उतरू लागतो.

दुसरा मेसोथेलिओमा. हा फुप्फुसावरच्या पातळ आवरणात होतो, कधी पोटाच्या आवरणात. याचे मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉसच. बिडीशी याचा संबंध नाही. थोडी धूळही पुरते. नवऱ्याचे कामावरचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही तो झालेला आहे. रोग वर यायला बहुधा ३० ते ४० वर्षे लागतात. तोवर माणूस निवृत्त होऊन शेतीत रमलेला असतो. छातीत पाणी झाले, दम लागला, की आपल्याकडे आधी क्षयाचाच संशय येतो. म्हणून पूर्वी लॅगिंगचे वा बॉयलरचे काम केले असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायला सांगितले, ते याच लांबणीमुळे.

राहिला पत्रा. तो शाबूत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. कापायचा झाला तर पाणी मारून, हाताच्या करवतीने कापावा. फुटके तुकडे मात्र गाडीवाटेत भराव म्हणून टाकू नयेत. चाकाखाली त्यांचे पीठ होते.