क्षेत्रकार्यातील लॅपटॉप : निद्रा आणि जागृती

झाडीबोली किंवा माडिया यांचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत जाणाऱ्या अभ्यासकाला विजेचा हिशेब सतत ठेवावा लागतो. दोन मुलाखतींच्या मध्ये लॅपटॉप बंद न करता केवळ झाकण मिटण्याची सवय त्यातूनच लागते. झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहिला, तर जतन न केलेले मुद्रण धोक्यात येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला, की दुरुस्तीच्या दुकानाचाही आधार उरत नाही. म्हणून लिनक्सवरील या बिघाडाचे स्वरूप अभ्यासकाने स्वतःच जाणून घ्यावे.

संगणकाची निद्रा एकाच प्रकारची नसते. मराठीत डुलकी आणि गाढ झोप असा भेद सहज होतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र दोहोंसाठी ‘सस्पेंड’ हा एकच शब्द दिसतो, आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो. ‘एस-टू-आयडल’ ही डुलकी होय. तीत सर्व भाग अल्प विजेवर चालू राहतात. ‘डीप’ ही गाढ झोप : केवळ स्मृतीला (रॅमला) वीज मिळते, आणि जागे होताना प्रत्येक ड्रायव्हरला आपापले उपकरण पुन्हा कार्यरत करावे लागते. एखादा ड्रायव्हर, बहुधा चित्रपटलाचा, येथे अडखळतो. अनेक नव्या लॅपटॉपांत निर्मात्यांनी गाढ झोपेची सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे पिशवीतला लॅपटॉप गरम होतो आणि बॅटरी उतरते. ‘सिस’ या फोल्डरातील ‘पॉवर’मध्ये ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल असते. तीत उपलब्ध प्रकार दिसतात व चालू प्रकार चौकटी कंसात असतो. दोन्ही उपलब्ध असल्यास प्रकार बदलून पाहावा.

पडदा काळा म्हणजे यंत्र मृत, असे लगेच समजू नये. कॅप्सलॉक दाबल्यावर त्याचा दिवा बदलत असेल, तर यंत्र जागे आहे. केवळ पडदा अडला आहे. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ एकत्र दाबल्यास अक्षरी पडदा मिळू शकतो. तेही न जमल्यास ऑल्ट व सिस-आर-क्यू (बहुधा प्रिंट-स्क्रीनची कळ) दाबून ठेवून एस, यू, बी या कळा क्रमाने, थोडे थांबून दाबाव्यात. एस लेखन डिस्कवर पोहोचवते, यू डिस्क केवळ वाचनासाठी ठेवते, बी यंत्र पुन्हा सुरू करते. उबुंटूमध्ये या तिन्ही कळांना मुळातच मुभा असते. मुद्रणाच्या प्रोग्रॅमने स्वतःच्या स्मृतीत राखलेले मात्र यानेही वाचत नाही.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ‘जर्नल-सीटीएल’ या आज्ञेने मागील सत्राची नोंद वाचावी. ‘सस्पेंड एंट्री’ आहे पण ‘सस्पेंड एक्झिट’ नाही, एवढ्यावरून जागे होतानाच बिघाड झाला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. झोपी जाताना यंत्र अडले, तरी पुढच्या ओळी डिस्कवर पोहोचलेल्या नसतात. यूएसबीचा मायक्रोफोन काढून झाकण मिटून पाहावे. मग आरंभीच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडावा. जुन्या कर्नलवर दोष नसेल, तर तो नव्या कर्नलसोबत आला असण्याची शक्यता अधिक.

‘हायबरनेट’मध्ये स्मृतीतील मजकूर डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडली जाते. त्यासाठी पुरेशी ‘स्वॅप’ जागा लागते, आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास ही सोय पुष्कळदा नाकारली जाते. याची चाचणी गावी निघण्यापूर्वी घरीच घ्यावी.