मातीची पत्रिका, पण अर्धीच

पिंप्राळा आता जळगाव शहराचाच भाग आहे. अशा ठिकाणी शेत आणि शहर यांच्यातला बांध पुसट होतो, आणि नाल्याचे पाणी शेतापर्यंत पोहोचायला फारसे अंतर उरत नाही. तेथील माती निर्दोष आहे काय, असे विचारले तर शेतकरी मृदा आरोग्य पत्रिका पुढे करील. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंत बारा गोष्टींची नोंद असते. पिकाला काय हवे, ते तीत आहे. खाणाऱ्याला काय नको, ते नाही. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक यांना तीत रकानाच नाही.

हा रकाना नसण्याची किंमत जपानने मोजली. कामिओका येथील जस्ताच्या खाणीतून कॅडमियम जिंझू नदीत आले व तोयामा प्रांतात नदीच्या पाण्यावरील भातखाचरांत साचले. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. वेदनेच्या आक्रोशावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ हे नाव पडले. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये. सुमारे ८६० हेक्टर जमीन शुद्ध करण्याचे काम २०१२ मध्ये संपले.

खाचरात पाणी भरलेले असताना कॅडमियम मातीत जखडलेले राहते. कापणीपूर्वी पाणी काढले की ते सुटून दाण्यात शिरते. आर्सेनिकचे नेमके उलट, त्याला साचलेले पाणीच मोकळे करते. आपली काळी, चुनखडीयुक्त जमीन कॅडमियमला बरेचसे धरून ठेवते, हा दिलासा खराच. परंतु धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. शिवाय खानदेश भाकरी खाणारा असला तरी नवापूरकडे भात पिकतो, आणि शिधापत्रिकेवरचा तांदूळ घरोघरी शिजतो.

विसंगती अशी की, शहरी कचऱ्याच्या खतात किलोमागे पाच मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम नसावे, असा खत नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. खत तपासायचे, पण ते ज्या मातीत पडते ती तपासायची नाही, हा कोणता न्याय?

प्रत्येक शेत तपासा, असे कोणी म्हणत नाही. नाल्यालगतची, औद्योगिक वसाहतींजवळची, जुन्या कचराडेपोंभोवतीची शेते आधी घ्यावीत. मोठ्या प्रयोगशाळांत जस्त मोजणारे अणुशोषण यंत्र योग्य दिवा बसवला की कॅडमियमही मोजते. नमुने गोळा करण्याच्या कामी महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी पुढे यावे. विष सापडले नाही, तर शेतकऱ्याच्या मालाला मानच मिळेल. सापडले, तर ते रुग्णालयाऐवजी शेतातच सापडलेले बरे.